टीवायला 'धर्म आणि समाज' शिकवायचंय. प्रकल्पासाठी पोरांना कुठे पाठवू?

तालुका_मास्तर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज काम निघालं म्हणून धागा काढतोय.

तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. यंदा टीवायबीएचा धर्मावरचा पेपर माझ्याकडे आलाय. आधीचे सर निवृत्त झाले, पण त्यांच्या नोट्स स्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे अजून मिळतात आणि पोरं त्या पाठ करून साठ-पासष्ट आणतात. म्हणजे निकालाची काळजी नाही.

वर्गात चाळीसेक पोरं, निम्म्याहून जास्त मुली. एक जण दर आषाढीला आजीबरोबर चालत जाते. एकाच्या घरात वाघ्याची परंपरा आहे, त्याचे वडील अजून जागरणाला दिमडी घेऊन जातात. दोघी दरवर्षी दीक्षाभूमीला जाऊन येतात. एकाच्या चुलत्याकडे उरुसातल्या संदलचा मान आहे. आणि पेपरात ही सगळी पोरं काय लिहितात? 'दुर्खाईमच्या मते समाज वस्तूंची विभागणी पवित्र आणि लौकिक अशी करतो.' पुढे मार्क्सचं 'धर्म ही अफूची गोळी'. पुढे वेबर. तीन युरोपीय विचारवंत झाले की समाप्त. स्वतःच्या घरातलं, गावातलं एक अक्षर उत्तरात येत नाही. जणू धर्म ही युरोपात घडलेली गोष्ट आहे आणि आपल्याकडे फक्त तिची झेरॉक्स आली.

त्या अफूबद्दलही सांगतो. मार्क्सने ते 1844 मध्ये लिहिलं तेव्हा लगेच आधीच्या वाक्यात धर्माला पिचलेल्या जिवाचा उसासा म्हटलंय, निर्दय जगाचं हृदय म्हटलंय. अफू तेव्हा दुखण्यावरचं औषध म्हणूनही घेत होते लोक. ही आधीची ओळ वाचलेला एकही पेपर माझ्या हाताखालून गेलेला नाही. आणि गंमत बघा, दुर्खाईम ज्या ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींवर 1912 चा ग्रंथ लिहून गेला, तिथे तो कधी गेलाच नाही. वेबरने हिंदू आणि बौद्ध धर्मावर एवढं लिहिलं, तो भारतात आला नाही. आमची पोरं निदान गावच्या जत्रेत तरी असतात!

तर अंतर्गत गुणांसाठी यंदा निबंध बंद आणि प्रत्यक्ष जाऊन बघणं सुरू, असं मनात आहे. प्राचार्यांच्या कानावर घातलं तर म्हणाले, "सर, संतांच्या कार्यावर निबंध घ्या आणि मोकळे व्हा, भानगड नको." मला भानगड नकोच आहे, पण निबंधही नकोय.

पोरांना कुठे पाठवू? काय बघायला सांगू? आणि कायद्याने काही आडकाठी आहे का?

---

एमपीएससी_एकलव्य

सर, विषय भारी. फक्त प्रामाणिक प्रश्न: याचा उपयोग काय? यूपीएससीला समाजशास्त्र वैकल्पिक घेतलं तर पेपर एकमध्ये धर्म आणि समाज हे प्रकरण आहेच. जडप्राणवाद, एकतत्त्ववाद, पंथ, धर्मनिरपेक्षीकरण (समाजावरची धर्माची पकड सैल होणं), पुनरुज्जीवन. तिथे जत्रा लिहून मार्क मिळतात का?

---

अवनी_

@एकलव्य, मिळतात. 'धर्मनिरपेक्षीकरण होत आहे का' हा प्रश्न आला की निम्मे लोक युरोपातल्या ओस पडलेल्या चर्चवर थांबतात. तुम्ही तिथे लिहा की गावच्या जत्रेची वर्गणी आता यूपीआयवर येते, मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांसाठी जत्रा लांबून शनिवार-रविवारला जोडली जाते, पण पालखीला पहिला खांदा कोणाचा हे मात्र आजही पन्नास वर्षांपूर्वीचंच आहे. काय बदललं आणि काय नाही हे एका उदाहरणात आलं. परीक्षक जागा होतो.

सर, वाचतेय. सविस्तर नंतर लिहिते, आत्ता कुकर लावलाय.

---

टाळकरी

राम कृष्ण हरी.

मास्तर, हेतू चांगला आहे म्हणून लिहितो. आम्ही रथामागच्या दिंडीतले. दरवर्षी कोणी ना कोणी कॉलेजचं पोरगं वही घेऊन येतं आणि पहिला प्रश्न विचारतं, "काका, तुम्ही वारी का करता?" याला उत्तर काय द्यायचं? माझा बाप करायचा म्हणून करतो, एवढंच तोंडात येतं. मग ते पोरगं वहीत लिहितं 'परंपरा' आणि पुढच्याकडे जातं.

बघायचंच असेल तर संध्याकाळी तळावर समाजआरतीला उभं राहायला सांगा. माऊलींची पालखी तळावर येते. भोवती सगळ्या दिंड्या आपापल्या जागेवर, टाळ-मृदंगाचा असा काही गजर की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चोपदार हातातला चोप (दंड) वर करतात आणि एकदम सगळं गप्प. लाखाची गर्दी, आणि टाचणी पडली तर ऐकू यावी. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ वाजतच राहतात. पाण्याचा टँकर आला नाही, जागा दुसऱ्यानेच घेतली, वाटेत क्रम मोडून कोणी पुढे घुसलं. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, तिथल्या तिथे निवाडा होतो. मग हरवल्या-सापडल्याची पुकार, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ, आणि मग आरती. तक्रार मिटल्याशिवाय आरती नाही.

आता हे तुमच्या दुर्खाईमला कुठल्या खणात घालायचं ते तुम्ही ठरवा.

दुसरं. पोरांना पेन काढण्याआधी दोन दिवस पाणी भरायला लावा, राहुटी ठोकायला लावा. आणि एक विचारतो, रागावू नका: नामस्मरणाला किती मार्क देणार?

---

तालुका_मास्तर

माऊली, नामस्मरणाला मार्क देणारा मी कोण? पण राहुटीला नक्की देईन.

तुम्ही जे समाजआरतीचं सांगितलंत, नेमकं तेच मला हवंय. आम्ही वर्गात 'धर्म समाजाला बांधून ठेवतो' असं वाक्य फळ्यावर लिहितो. बांधतो म्हणजे कशाने? तर अशा निवाड्याने. क्रमाने. चोपाने. रथापुढच्या 27 दिंड्या, मागच्या दिंड्यांचे ठरलेले नंबर, अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे, हे सगळं कोणीतरी बसवलंय. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी 1685 मध्ये पालखी सुरू केली, पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माऊलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या पदरी होते. लष्करातली कूच आणि मुक्कामाची रीत सोहळ्यात दिसते असं जाणकार म्हणतात, आणि तळावर उभं राहिलं की पटतं.

आणि याच वाटेवर आपल्याकडचा सगळ्यात प्रामाणिक प्रकल्प होऊन गेलाय. इरावतीबाई कर्वे. डेक्कन कॉलेजातल्या प्राध्यापक, जर्मनीत पीएचडी केलेल्या, आणि दिंडीत चालत गेल्या. 'वाटचाल' हा त्यांचा लेख मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवतो. महाराष्ट्र म्हणजे काय तर ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो देश, हे त्यातलं सगळ्यांना आवडतं. त्याच लेखात त्यांनी हेही लिहिलंय की एकाच दिंडीत, एकच अभंग म्हणत चालणाऱ्या ब्राह्मण आणि मराठा मंडळींच्या पंगती वेगळ्या होत्या, आणि ते त्यांना टोचलं. दिवसभर एक आणि जेवायला दोन. पुढे व्हिक्टर टर्नर हा मानववंशशास्त्रज्ञ म्हणाला की यात्रेच्या वाटेवर माणसांमधली उच्चनीचता विरघळते, तेव्हा पंढरीच्या बाबतीत त्याला इरावतीबाईंच्या या पंगतीचा हिशोब धरावाच लागला.

म्हणजे बघा, एका बाईने ताट कुठे मांडलंय हे बघितलं आणि जगातल्या एका मोठ्या सिद्धान्ताला मुरड घालावी लागली. मला पोरांकडून हेच हवंय. 'वारकरी संप्रदायाचे समतेचे कार्य' यावर पाचशे शब्द नकोत. भिशी (दिंडीत भरायची वर्गणी) किती, स्वयंपाकाला कोण बसतं, ट्रक कोणाचा, तुळस कोणाच्या डोक्यावर आणि वीणा कोणाच्या गळ्यात. एवढं नीट लिहिलं तरी पुरे.

---

विवेकी_विंचू

धागाकर्त्यांशी अंशतः असहमत.

हे सगळं छान छान चाललंय. पण कॉलेजने धर्माला 'संस्था', 'संघटन', 'व्यवस्थापन' अशा कौतुकाच्या शब्दांत गुंडाळलं की पोराला वाटतं, शास्त्रानेही पावती दिली. चिकित्सा कुठेय? मी चळवळीत काम करतो. 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तोही दाभोलकरांच्या खुनानंतर. कायदा होऊनही भगताकडे जाणाऱ्यांची रांग हटत नाही. तुमच्या पोरांना तिकडे पाठवा. एका बाईने एका वर्षात गंडेदोरे, कोंबडं, लिंबू-नारळ यांवर किती घातले आणि त्याच दुखण्यासाठी दवाखान्यात किती, असे दोन रकाने काढायला लावा. तो खरा प्रकल्प.

---

अवनी_

@विंचू, रकाने काढायला माझी ना नाही, मीही काढले असते. पण दोन रकान्यांत सगळं मावत नाही.

मी पीएचडीला अंगात येण्यावर काम केलंय, खेड्यात राहून. एक घर सांगते, गाव सांगणार नाही. पौर्णिमेला सुनेच्या अंगात देवी यायची. मळवट भरलेला, केस सुटलेले, समोर सासू पदर पसरून बसलेली. देवी सासूला एकेरीत फैलावर घ्यायची, "माझ्या झाडाला उपाशी ठेवतीस?" झाड म्हणजे जिच्या अंगात येतं ती. सासू नाक घासायची, चुकलं म्हणायची. अर्ध्या तासाने वारं उतरायचं. तीच सून तोंड धुऊन, डोक्यावर पदर घेऊन सगळ्यांचा चहा टाकायला उठायची आणि सासूशी 'अहो आत्या' असं खालमानेनं बोलायची.

आता ही अंधश्रद्धा म्हणून तुम्ही बंद पाडलीत, तर त्या सुनेला उपाशी ठेवल्याचं गाऱ्हाणं ती कुठल्या खिडकीवर नेणार? महिला तक्रार निवारण केंद्र तालुक्याला आहे, एसटी दिवसातून दोनदा. मी असं म्हणत नाहीये की देवी अंगात येते. मी असं म्हणतेय की ती येते तेव्हा घरात काय हलतं, हे बघितल्याशिवाय चिकित्सा अर्धी राहते.

सर, पोरांना सांगा, अंगात आलेल्या बाईचा मोबाईलवर व्हिडिओ काढायचा नाही. कधीच नाही. दुसऱ्या दिवशी ती बाई पाणवठ्यावर जाणार असते.

---

विवेकी_विंचू

सासूचं नाक घासणं मान्य. पण त्याच सुनेला उद्या कावीळ झाली आणि देवीने दवाखान्याला नको म्हटलं तर? माझा मुद्दा तिथे आहे. तरी प्रतिसाद आवडला. व्हिडिओबद्दल शंभर टक्के.

---

जुना_वकील

कायद्याचं विचारलंय म्हणून थोडक्यात.

घटनेचं कलम 28. जी शिक्षणसंस्था पूर्णपणे सरकारी पैशावर चालते तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत कोणालाही तिथल्या धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही; स्वतःची, आणि अल्पवयीन असेल तर पालकाची, संमती लागते. मास्तर, तुमचं कॉलेज दुसऱ्या गटात बसतं.

पण धर्माची शिकवण देणं वेगळं आणि धर्माविषयी शिकवणं वेगळं. कोठारी आयोगाने (1964-66) हा फरक स्पष्ट केला होता. डी.ए.व्ही. कॉलेज विरुद्ध पंजाब राज्य या 1971 च्या निकालात प्रश्न आला होता की गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा विद्यापीठात अभ्यास ठेवला तर ते धार्मिक शिक्षण होतं का. न्यायालय म्हणालं, अभ्यास म्हणून असेल तर नाही. 2002 मध्ये अरुणा रॉय खटल्यातही राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातल्या धर्मांविषयी शिकवण्याच्या भागाला हरकत घेतली होती, तीही टिकली नाही.

तेव्हा तुमच्या पेपराला काही धोका नाही. धोका कुठे, तर 'सर्वांनी दर्शन घेऊन रांगेचं निरीक्षण लिहावे' असं पत्रक काढलंत तर. एखाद्या पोराला किंवा पोरीला देवळात, दर्ग्यात, विहारात, चर्चमध्ये जायचं नसेल तर दुसरा पर्याय त्याच कागदावर छापा. तोंडी नको, छापा.

---

नागपूरची_संत्री

धागा वाचून दोन दिवस गप्प बसले होते, आता लिहितेच.

सर, तुमच्या वर्गातल्या त्या दोघी, दीक्षाभूमीला जाणाऱ्या. त्यांच्या पेपरात त्यांचं घर येत नाही असं तुम्ही म्हणता. येणार कसं? पुस्तकात आम्ही 'धर्म' या प्रकरणात असतच नाही. आम्ही 'सामाजिक चळवळी' या प्रकरणात असतो. हिंदू धर्म, इस्लाम, ख्रिस्ती, सगळ्यांना श्रद्धा आणि विधी असतात. आम्हाला फक्त तारीख असते, 14 ऑक्टोबर 1956. माझी आजी रोज संध्याकाळी त्रिसरण-पंचशील म्हणायची, वर्षावासात (पावसाळ्यातले तीन महिने) ग्रंथवाचनाला पांढरं लुगडं नेसून विहारात जायची, घरात लग्न लागलं ते भिक्खूंसमोर. हा धर्म नाही तर काय? 2011 च्या जनगणनेत देशात 84 लाख बौद्ध, त्यातले 65 लाख एकट्या महाराष्ट्रात. एवढ्या माणसांचा रोजचा धर्म अभ्यासक्रमात चळवळ होऊन बसलाय.

मी पाली घेऊन एमए केलं. आमच्या वर्गात अर्धे निवृत्त लोक होते, रेल्वेतले, पोस्टातले, एक बँकेचे मॅनेजर. नोकरीसाठी कोणीच नाही. आजोबांनी धर्म घेतला, पण ग्रंथ वाचायचा राहून गेला, तो वाचायला आले होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी पंचाहत्तरीचे काका विभक्ती पाठ करत व्हरांड्यात फिरायचे. तुमचं 'धर्म आणि समाज' तिथे बसलेलं होतं, पुस्तकाबाहेर.

आणि बाबासाहेबांनी धर्माचा अभ्यास विद्यार्थी असल्यापासून केला, हेही सांगा पोरांना. 1916 मध्ये कोलंबियात, विशी-पंचविशीत, जातीच्या उगमावर निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. धर्म बदलायच्या चाळीस वर्षं आधी.

---

तालुका_मास्तर

संत्रीताई, हे प्रकरणाचं म्हणणं मी इतकी वर्षं पुस्तक शिकवूनही कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. यंदाच्या वेळापत्रकात दीक्षा आणि विहार हे विधींच्या तासाला घेतो, चळवळीच्या नाही. त्या दोघींना वर्षावासाचं विचारतो, जमेल तसं.

---

कीस_पाडू

कोलंबिया निघालंच आहे तर ऑक्सफर्डही सांगून ठेवतो. कॉलेजात जाऊन रीतसर धर्म शिकून आलेला आपला माणूस म्हणजे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. जमखंडीचे. फर्ग्युसनमधून बीए, प्रार्थना समाजाशी संबंध, मग युनिटेरियन या उदारमतवादी ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या शिष्यवृत्तीवर 1901 ते 1903 ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास. परत येऊन करणार काय, तर उपदेश करतील असं लोकांना वाटलं. त्यांनी 18 ऑक्टोबर 1906 ला मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढली आणि अस्पृश्यांच्या शाळा-वसतिगृहांच्या मागे लागले.

जगभरचे धर्म शेजारी मांडून बघितले की आपल्या घरातली घाण झाकता येत नाही, असा माझा अर्थ. बडोद्यात सयाजीरावांनीही कॉलेजात धर्मांच्या तुलनात्मक अभ्यासासाठी प्राध्यापक नेमला होता. म्हणजे हा विषय आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी होता. स्वतंत्र विभागापुरतं बोलायचं तर पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाने 1967 मध्ये धर्म-अध्ययन विभाग काढला. आपल्याकडे मात्र कामं विभागून गेली: पाली इकडे, संस्कृत तिकडे, संतांची अध्यासनं मराठीत, जात समाजशास्त्रात. दर्ग्याचं कोणी बघायचं हे अजून ठरायचंय.

---

मोगरा_म्हापसा

दर्ग्यावरून आठवलं, गोव्यातून लिहितेय म्हणून आमचंही एक. म्हापशाला चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीचं (मेरीमातेचं) फेस्त होतं तेव्हा रांगेत हिंदू बायका तेल घेऊन उभ्या असतात. शिरगावची लईराई देवी आणि ही सायबीण सख्ख्या बहिणी, असं दोन्हीकडचे लोक सांगतात. सात बहिणींतल्या. लईराईच्या जत्रेला धोंड (तिचे व्रत धरलेले भक्त) अग्निदिव्यातून चालतात, आणि तिला मोगरा प्रिय. बहिणी बहिणींना वर्षाला काही धाडतातच, एकीकडून तेल, दुसरीकडून मोगरा.

यावर कॉलेजात 'सर्वधर्मसमभाव' असं लेबल लावून मोकळे होतात, त्याचा मला कंटाळा आलाय. माझ्या आवयला (आईला) हा शब्द माहीत नाही. तिचा नवस होता, सायबिणीला बोलली होती, फेडला. विचारायचं तर हे विचारा की पोर्तुगिजांनी देवळं पाडली, माणसं बाटली, आणि तरी बहीण बहीणच कशी राहिली? घर वेगळं झालं तरी माहेरचं नातं तुटलं नाही, असं काहीतरी आहे ते. ते शोधायला इतिहासही लागतो आणि नातेसंबंधांचं शास्त्रही.

आणि कोसंबी विसरू नका. धर्मानंद आमच्या सांखवाळचे. बुद्धाच्या ओढीने घर सोडलं, सिंहलद्वीपाला जाऊन पाली शिकले आणि पुढे फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलं. पु. वि. बापटांसारखे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. मुलगा दामोदर गणिती, पण पुण्याच्या आसपासचे म्हसोबा नि मावलाया (गावदेव्या) पायी हिंडून बघायचा, शेंदराचे थर किती जुने ते बघायचा. प्रकल्पाला याहून चांगलं उदाहरण कुठलं?

---

अटलांटिक_पार

इकडे अमेरिकेत 1963 मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारी शाळांत बायबलपठण बंद केलं, पण त्याच निकालात म्हटलं की धर्माविषयी अभ्यास म्हणून शिकवायला हरकत नाही. त्यानंतर सरकारी विद्यापीठांत धर्म-अध्ययनाचे विभाग भराभर निघाले. माझी मुलगी इंजिनिअरिंग करते तरी एक कोर्स तिने त्यात घेतला. सर्वांत आवडलेली गोष्ट: सत्र संपेपर्यंत प्राध्यापिका स्वतः काय मानतात हे वर्गाला कळलं नाही.

पण एक खंत आहे. जेजुरी, धनगरांचे देव, महाराष्ट्रातल्या नद्या आणि तीर्थं यांवरचं उत्तम काम बघायला गेलं तर सोंथायमर, फेल्डहाउस अशीच परदेशी अभ्यासकांची नावं समोर येतात. ढेरेअण्णा (रा. चिं. ढेरे) सोडले तर आपले लोक कुठे आहेत?

---

गडकिल्लेवाला

परदेशी लोकांनी आपल्या देवांवर आणि राजांवर लिहिलं की काय होतं ते 2004 ला भांडारकरमध्ये सगळ्यांनी बघितलंय. त्यांना कशाला पाहिजे आमचं

---

व्यवस्थापक मंडळ

वरील प्रतिसादाचा पुढचा भाग आणि त्यावरचे प्रतिसाद काढले आहेत. धागा प्रकल्पाविषयी आहे. 5 जानेवारी 2004 च्या भांडारकर संस्थेवरील हल्ल्यावर वेगळा धागा आधीच आहे, तिथे जावे.

---

अवनी_

@अटलांटिक_पार, आपले लोक आहेत, पण ते मराठीत लिहितात आणि तुमच्या मुलीच्या वाचनयादीत मराठी नसतं. बरं, प्राध्यापिकेचं मत कळलं नाही हे तिकडे जमतं. इकडे आडनाव हजेरीपत्रकावरच असतं. सर वर्गात शिरायच्या आधी पोरांना कळलेलं असतं, सर 'कुठले'. मग सरांनी वारीबद्दल काही म्हटलं की त्याचा अर्थ आडनावावरून लागतो. तटस्थ राहणं आपल्याकडे अभ्यासक्रमात लिहून येत नाही, कमवावं लागतं.

---

टाळकरी

अवनीताई बरोबर बोलल्या. आमच्या गावात जत्रेच्या मीटिंगला पाटलांचा पोरगा बोलला तर 'मानाचं' बोलला आणि मातंगवाड्यातला बोलला तर 'राजकारण' करतोय.

त्यावरून सांगतो. मास्तर, वारी जून-जुलैत, तेव्हा तुमचे प्रवेश चालू असतात. गावजत्रा धरा. चैत्रात होते, तोवर पोरं रुळलेली असतात. आणि जत्रेची मीटिंग सोडू नका. पालखी निघते त्या दिवशी सगळे गोड असतात. खरं काय ते मीटिंगला दिसतं: वर्गणी घरटी किती, तमाशाची सुपारी द्यायची की ऑर्केस्ट्रा, कुस्त्यांचं बक्षीस किती, पालखी कुठल्या गल्लीतून जाणार आणि कुठल्या नाही.

कुठल्या नाही, ते नक्की लिहायला लावा.

---

एमपीएससी_एकलव्य

आमच्याकडे पालखी समाजमंदिराच्या चौकापर्यंत येते आणि वळते. लहानपणापासून बघतोय, कधी विचारलं नाही का. आता विचारतो.

---

जुना_वकील

@एकलव्य, विचारा, पण जत्रेच्या दिवशी नको. आधी म्हाताऱ्यांना विचारा, एकेकट्याला. मार्ग पोलीस परवानगीच्या अर्जावर लिहिलेला असतो, तो अर्ज जत्रा कमिटीकडे सापडेल. जुना सापडला तर सोन्याहून पिवळं. पंढरपूरचंच बघा: साने गुरुजींनी 1947 मध्ये उपोषण केलं तेव्हा मंदिर अस्पृश्यांना खुलं झालं, 1973 चा पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला, आणि बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाची मोहोर उमटायला 2014 उजाडलं. भक्ती तीच, पण गाभाऱ्यात कोणी उभं राहायचं हे कागदावर ठरत गेलं. पोरांना कागद वाचायला शिकवा.

---

तालुका_मास्तर

मंडळी, खूप मिळालं. परवा प्राचार्यांसमोर कागद ठेवला. वकीलसाहेबांच्या सल्ल्याप्रमाणे पर्याय छापून. सही झाली, वर "मुलींना रात्री पाठवू नका" असा शेरा. जागरण-गोंधळ त्यामुळे गेला, दिवसाचे विधी राहिले.

ठरलंय असं: प्रत्येकाने एकच गोष्ट बघायची, आणि ती आपल्या घरापासून जितकी लांबची असेल तितकी बरी. वाघ्याच्या घरचा पोरगा विहारातलं ग्रंथवाचन बघणार. संदलवाला जत्रेच्या मीटिंगला बसणार. वारीच्या मुलीला मी चर्च सुचवलं, तालुक्याला एक आहे, मिशनच्या दवाखान्याशेजारी, ती म्हणाली, "सर, तिथे चप्पल बाहेर काढायची का?" मी म्हटलं, हाच पहिला प्रश्न, लिहून घे. दीक्षाभूमीच्या दोघींना मी उरूस म्हटलं, तर त्यांनी नकार दिला. त्यांना दुसऱ्याचं नाही, आपलंच लिहायचंय, पहिल्यांदा. नियम मोडला, पण परवानगी दिली.

अडलंय ते गुणांपाशी. दुसऱ्याचं घर बघून लिहिलेलं तपासता येतं. स्वतःच्या आजीच्या पंचशीलावर लिहिलेल्या कागदाला वीसपैकी चौदा कसे द्यायचे?

---

नागपूरची_संत्री

चौदा द्या ना, त्यात काय. आजीला नाही देत आहात तुम्ही. पोरीने आजीला नीट विचारलं का, विहाराचा खर्च कसा चालतो, बायका ग्रंथ वाचतात की फक्त ऐकतात, आणि आजीला न पटणारं काय आहे, ते लिहिलंय का बघा. नसेल लिहिलं तर बारा. आम्हाला सवलत म्हणून वीस दिलेत तर पुढच्या वर्षी पुन्हा चळवळीच्या प्रकरणात जाऊ.

---

अवनी_

+१. आणि सर, वहीत माणसांची नावं बदलायला सांगा, गावात एकाच आडनावाची दहा घरं असली तरी ओळखू येतं. मीटिंगच्या वह्या सबमिट झाल्यावर स्टाफरूममध्ये पडू देऊ नका. जत्रेच्या कमिटीतलं कोणी ना कोणी तुमच्याच स्टाफरूममध्ये चहा पितं.

---

टाळकरी

मास्तर, किती पोरं येणार तेवढा आकडा कळवा. पुढच्या आषाढीला पास झालेल्यांपैकी कोणाला यायचं असेल तर राहुटीत दहा जणांची सोय करतो. भिशी घेणार नाही, पण पाणी भरावं लागेल.